गुडघ्याची सुई आणि गटाचं कर्ज

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या एका घरी गेले, तर सतरंजी अंथरलेलीच नव्हती. भिंतीला लागून ओळीनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी म्हटलं, "अगं, सभा आहे की हळदीकुंकू?" तर घरची सूनबाई हसून म्हणाली, "काकू, खाली बसवलं की उठवायला दोघी-दोघी लागतात. मागच्या वर्षी एकीला उठवताना माझीच पाठ धरली." सगळ्या हसल्या. मग वाण लुटेपर्यंत गुडघे या एकाच विषयावर गप्पा. कुणी तेल सांगतंय, कुणी मेथीचे दाणे, कुणी गुडघ्याचा पट्टा. आणि एकीनं हळूच सांगितलं, "आता ती रक्ताची सुई निघालीय ना, ती घ्या. ऑपरेशन टळतं."

आम्ही साताऱ्याचे लोक तर मेले चढावरच राहतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायचं म्हणजे चढ, परतताना उतार, आणि दुखणाऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतारच जड जातो. एस.टी.ची पहिली पायरी किती उंच असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं. पण तिकीट अर्धं झालं तरी पायरी आहे तेवढीच आहे!

ही रक्ताची सुई माझ्या मागे लागली ती मात्र हळदीकुंकवानंतर महिन्याभरानं, बचत गटाच्या बैठकीत. तालुक्यातल्या एका गावी मी दर महिन्याला जाते. गटातल्या एका बाईंनी, वय बावन्न, कर्जाचा अर्ज केला होता. चोवीस हजार रुपये. वहीत कारणाच्या रकान्यात सचिव मुलीनं लिहिलं होतं, "गुडघ्याची सुई". आजवर त्या रकान्यात शेळी, बियाणं, मुलीची फी, शिलाई मशीन असंच वाचलेलं. मी विचारलं, "ही कसली सुई हो?"

"ताई, तीन सुया हायत. एकीचं आठ हजार. आपलंच रगत काढत्यात, यंत्रात फिरवत्यात आन गुडघ्यात टोचत्यात. झिजल्याली गादी परत भरून येती म्हणं."

"कोण म्हणालं?"

"शिबिरात सांगितलं. मंगल कार्यालयात हुतं. आठ दिसात पैसं भरलं तर सवलत हाय म्हणाले."

"एक्स-रे काढला का?"

"न्हाय. हातानं दाबून बघितला."

या बाई उसाच्या भांगलणीला जातात. दिवसभर उकिडवं बसून सरकत सरकत तण काढायचं. गटाचं व्याज शेकडा दोन, म्हणजे चोवीस हजारांवर महिन्याला चारशे ऐंशी रुपये नुसतं व्याज. निम्म्या बायका म्हणाल्या, द्या, तिचे हाल बघवत नाहीत. निम्म्या म्हणाल्या, यात दोन-तीन शेळ्या येतील. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बी.ए. मराठीची, रक्त आणि यंत्र यातलं मला काय कळणार! पण बैठकीत "मला माहीत नाही" म्हणून हात झटकणं बरं वाटेना. म्हटलं, मला पंधरा दिवस द्या. सवलत जाते तर जाऊ दे.

पंधरा दिवसांत वाचून, विचारून जे हाती लागलं ते तुम्हा सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून हा प्रपंच.

सुईचं नाव पीआरपी. म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेला प्लाझ्मा. प्लेटलेट हा शब्द डेंग्यूनं आपल्या घराघरात पोचवलाय. "प्लेटलेट किती झाल्या?" हे आपण पावसाळ्यात सहज विचारतो. रक्त गोठवणाऱ्या या पेशी, निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, साधारण दीड ते साडेचार लाख. जखम झाली की त्या तिथे धावतात, रक्त थांबवतात आणि जखम भरून यावी म्हणून काही द्रव्यं सोडतात. डॉक्टर त्यांना वाढीचे घटक म्हणतात. दंडातून थोडं रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं. ताक घुसळलं की लोणी वेगळं होतं तसे रक्ताचे थर वेगळे होतात. लाल पेशी खाली, पिवळसर पाणी वर. त्यातला प्लेटलेटनी दाट झालेला भाग चार-पाच मिली घेऊन गुडघ्यात सोडायचा. रक्त आपलंच, त्यामुळे दुसऱ्याच्या रक्ताची भीती नाही. अर्ध्या-पाऊण तासात माणूस घरी.

ही कल्पना काही गुडघ्यासाठी निघालेली नाही. १९९८ साली अमेरिकेतले जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्यात हाड बसवताना ती वापरली आणि तिचा बोलबाला झाला. पुढे खेळाडूंचे स्नायू, मग सांधे, आणि आता तर केस गळतात म्हणून डोक्यातसुद्धा टोचून घेतात.

गुडघ्याला ती का सुचली, हेही समजून घ्यायला हवं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो. हाताला कापलं तर आठ दिवसांत भरतं, कारण तिथे रक्त येतं. कूर्चेला चीर गेली तर ती भरत नाही. मग डॉक्टरांना वाटलं, जिथे रक्त पोचत नाही तिथे रक्तातला कामाचा भाग आपणच नेऊन सोडला तर? विचार तसा सरळ आहे. पण विचार सरळ असला म्हणून शरीर ऐकतंच असं नाही.

आपल्या देशातली एक चांगली चाचणी चंदीगडच्या पीजीआय या सरकारी संस्थेत झाली, २०१३ मध्ये ती छापून आली. दोन्ही गुडघे दुखणारे ७८ रुग्ण, झीज फार पुढे न गेलेली. त्यांचे तीन गट. एकाला पीआरपीची एक सुई, दुसऱ्याला तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन, आणि तिसऱ्याला नुसतं सलाईनचं पाणी. पीआरपीवाल्यांना दोन-तीन आठवड्यांतच आराम पडला, पाण्यावाल्यांना नाही. मात्र सहा महिन्यांनी तो आराम ओसरायला लागला होता. आणि आमच्या गटाच्या वहीच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, एका सुईनं जेवढं झालं त्यापेक्षा दोन सुयांनी जास्त काही झालं नाही.

मग आली ऑस्ट्रेलियातली चाचणी, २०२१ ची. ही मोठी, २८८ रुग्णांची. सौम्य ते मध्यम झिजेचे गुडघे. निम्म्यांना आठवड्याला एक अशा पीआरपीच्या तीन सुया, निम्म्यांना सलाईनच्या तीन. कुणाला काय टोचलंय ते रुग्णाला माहीत नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. वर्षभरानं वेदना मोजल्या. शून्य ते दहाच्या मापावर पीआरपीवाल्यांची वेदना २.१ नं कमी झाली आणि पाण्यावाल्यांची १.८ नं. म्हणजे जवळजवळ सारखीच. एमआरआय काढून कूर्चाही मोजली. ती दोन्हीकडे थोडी थोडी कमीच झाली होती. "गादी परत भरून येती" हे शिबिरातलं वाक्य मला तिथे आठवलं.

तुम्ही म्हणाल, सलाईनच्या पाण्यानं दुखणं कमी कसं झालं? मलाही तेच कोडं पडलं. एक तर आपण डॉक्टरकडे जातो ते दुखणं अगदी असह्य झालं की. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत ते आपसूक थोडं उतरतंच, गुडघ्याचं दुखणं हे असंच वरखाली होतं. दुसरं, सुई टोचली, पैसे मोजले, कुणीतरी आपल्या गुडघ्याकडे नीट बघितलं, याचाही गुण येतो. तो काही खोटा नसतो, दुखणं खरंच कमी वाटतं. फक्त त्यासाठी चोवीस हजार द्यायचे का, एवढाच प्रश्न.

पीआरपीच्या बाजूनं बोलणारे डॉक्टर म्हणतात की ऑस्ट्रेलियातल्या सुईत प्लेटलेट पुरेशा नव्हत्या. त्यातही तथ्य आहे. कारण पीआरपी ही गोळीसारखी ठरावीक मापाची वस्तूच नाही. किती रक्त घेतलं, यंत्र किती वेगानं फिरवलं, प्लेटलेट किती आल्या, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, सगळं दवाखान्यागणिक बदलतं. या एका कारणावरून अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१९ साली सरळ सांगितलं की गुडघ्याच्या झिजेला ही सुई वापरू नका. तिथल्याच हाडांच्या सर्जनांच्या संघटनेनं २०२१ मध्ये म्हटलं की वेदना कमी होऊ शकतात, पण पुरावा बेताचा. दोन डॉक्टर, दोन मतं, हे काही फक्त आपल्याकडेच नाही.

माझ्या शेजारणीनं ही सुई घेतलीय. वय सत्तेचाळीस, रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारी. एक्स-रेमध्ये झीज अगदी सुरुवातीची. एकच सुई घेतली. दोन दिवस गुडघा सुजून टम्म, "कुठून अवदसा आठवली" म्हणत होती. महिन्याभरानं मात्र खूश. आठ महिने छान गेले, आता पुन्हा कुरकुर सुरू झालीय. तिला विचारलं तर म्हणते, सुईनंच गुण आला. मी तिला आठवण करून दिली की त्याच आठ महिन्यांत तू सहा किलो वजन उतरवलंस आणि फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले व्यायाम एक दिवस चुकवले नाहीस. त्यावर म्हणाली, "ते तर मी केलंच की!" मग नक्की कशानं, ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही. पण तिचं समाधान झालं, पैसे तिचे होते, कर्ज काढलेलं नव्हतं. माझी काही तक्रार नाही.

माझ्या थोरल्या नणंदेची गोष्ट अगदी उलटी. वन्सं सांगलीत असतात. सांगली सपाट, चढ ना उतार, तरी गुडघे गेलेच. वय सहासष्ट. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, चालताना डुलत चालतात. ऑपरेशनची भीती इतकी की नाव काढलं तरी रडायला लागतात. मुलगा पुण्याला. तो म्हणे, आई, ऑपरेशन नको, पीआरपी करू, मी पैसे पाठवतो. वन्संनी मला फोन केला, "वहिनी, तुम्ही चला बाई माझ्याबरोबर. डॉक्टर काय बोलतात ते मला घाबरून समजतच नाही."

मिरजेला गेलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून लोक तिथे उपचाराला येतात. आम्ही गेलो त्या डॉक्टरांनी आधी उभ्यानं एक्स-रे काढायला लावला. झोपवून काढला तर हाडांमधली फट खोटी दिसते, उभं राहून अंगाचा भार पडला की खरी दिसते, हे मला तिथे कळलं. एक्स-रेवर झिजेच्या एक ते चार पायऱ्या करतात, १९५७ साली केल्ग्रेन आणि लॉरेन्स या दोघा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या. वन्संची चौथी. आतल्या बाजूला फट नाहीच, हाडावर हाड.

वन्संनी धीर करून विचारलं, "ते रक्ताचं इंजेक्शन देता का?" डॉक्टर म्हणाले, "आजी, मी ते देतो. कालच दोघांना दिलं. पण तुमच्या गुडघ्याला नाही देणार. गादी असेल तर तिची सूज उतरवता येईल. इथे गादीच नाही आणि पायही वाकलाय. वाकलेला पाय सुईनं सरळ होत नाही."

बाहेर आल्यावर वन्संनी डोळ्याला पदर लावला. मी त्यांना अटलबिहारी वाजपेयींची आठवण दिली. पंतप्रधान असताना त्यांनी मुंबईच्या ब्रीच कँडीत ऑक्टोबर २००० मध्ये एक आणि जून २००१ मध्ये दुसरा गुडघा बदलून घेतला होता, न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन रानावत आले होते ऑपरेशनला. तेव्हा घरोघरी हीच चर्चा. वन्सं म्हणाल्या, "ते पंतप्रधान होते वहिनी, आपल्याला कुठलं परवडतंय." पण पूर्वीइतकं ते आवाक्याबाहेर राहिलेलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. जो सांधा दीड लाखाच्या पुढे जायचा तो कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. ऑपरेशनचा आणि दवाखान्याचा खर्च त्यावर असतोच, म्हणून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठल्या रुग्णालयात काय बसतं ते आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं. आणि बदललेला गुडघा टिकतो किती? २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आलेल्या हिशोबाप्रमाणे शंभरातले बयाऐंशी गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. वन्संनी बोटांवर मोजलं. "म्हणजे एक्याण्णव वर्षांची होईपर्यंत? तेवढं कुठं जगायचंय मला!" म्हणाल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

सांगलीहून परत येताना एस.टी.त एक गोष्ट सारखी डोक्यात येत होती. गावात "गुडघ्याची सुई" म्हटलं की सगळं एकच समजतात. पण सुया तीन प्रकारच्या आहेत, आणि कुठली घेतली हे कित्येकींना माहीतच नसतं. एक स्टेरॉइडची. स्वस्त, आराम लवकर, पण तो काही आठवड्यांचाच. मधुमेह असेल तर साखर वाढते. आणि दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर कूर्चा जास्त झिजते, असं २०१७ च्या एका अमेरिकन चाचणीत दिसलंय. दुसरी जेलची, म्हणजे सांध्यात वंगणासारखा चिकट पदार्थ सोडतात ती. तिसरी ही पीआरपी. तिची खूण सोपी, आधी तुमचं रक्त काढलेलं असतं. रक्त न काढता कुणी पीआरपी दिली म्हणत असेल तर ती पीआरपी नव्हे. कागद मागून घ्या बायांनो, सुईचं नाव लिहून घ्या. आपण भाजीवाल्याकडे रुपयाचा हिशोब करतो आणि डॉक्टरसमोर मान डोलावून येतो.

पीआरपी घ्यायचीच असेल तर आधी उभ्यानं एक्स-रे हवा आणि रक्ताची तपासणी हवी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, प्लेटलेट कमी असतील, कर्करोग असेल, अंगात कुठे पू किंवा ताप असेल, तर ते स्वतःहून सांगायचं. वेदनाशामक गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण त्या प्लेटलेटच्याच कामात अडथळा आणतात. सुईनंतर दोन-तीन दिवस दुखणं वाढतं, त्याला घाबरायचं नाही. पण गुडघा लाल होऊन ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. सांध्यात जंतू जाणं क्वचित होतं, पण झालं तर फार वाईट. म्हणूनच मंगल कार्यालयात, जिथे सकाळी पंगत उठली तिथेच दुपारी सुया टोचणं, हे माझ्या मनाला काही पटत नाही.

आपल्या भागातलं हे दुखणं किती जुनं आणि किती पसरलेलं आहे, याचा एक दाखला पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा आहे. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात ते भिगवण. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिथे घरोघरी जाऊन पाहणी केली. मोठ्या माणसांत शंभरात अठरा जणांना हाडा-सांध्याचं काही ना काही दुखणं निघालं. दवाखान्यात कोण आलं ते न मोजता, उंबऱ्यावर जाऊन विचारलं म्हणून ते कळलं. बाई आपणहून दुखणं सांगायला जाते कुठे?

पंधरा दिवसांनी गटाची बैठक झाली. मी वरचं सगळं सांगितलं. सलाईनची गोष्ट ऐकून बायका आ वासून बघत राहिल्या. एक म्हणाली, "म्हणजे आठ हजाराचं मीठपाणी?" मी म्हटलं, नाही गं, सुई खोटी नाही. काहींना सहा-आठ महिने आराम मिळतो. पण गादी भरून येते हे खरं नाही, तीन सुया लागतातच हेही नाही. कर्ज द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

त्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या दृष्टीनं मी सुई काढून घेतली होती आणि हातात काही दिलं नव्हतं. ते मला लागलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना घेऊन साताऱ्याच्या सिव्हिलला गेले. एक्स-रे निघाला, झीज मधली. डॉक्टर म्हणाले, आधी तीन महिने व्यायाम आणि वजन, मग सुईचं बोलू. वजनाचं मी पूर्वी थोतांड समजायची, पण एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीत, दहा वर्षांत साधारण पाच किलो उतरवलेल्या बायकांत गुडघेदुखीच्या झिजेचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. व्यायामही साधाच. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. मांडीचा स्नायू घट्ट झाला की तो गुडघ्याचा भार उचलतो. आणि काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आपण सगळ्या उलटं धरतो.

खरी अडचण भांगलणीची. उकिडवं बसू नका, असं डॉक्टर सहज म्हणाले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. बसल्याशिवाय तण निघत नाही आणि तण निघाल्याशिवाय हजेरी मिळत नाही. याला ना सुई आहे ना व्यायाम. गटातल्याच एका शेतकरीणबाईंनी त्यांना उभ्यानं करायची कामं, वैरण बांधणं, पाणी पाजणं, देऊ केली. मजुरी मात्र थोडी कमी.

कर्ज शेवटी चार हजारांचं झालं. कमोडची खुर्ची, काठी आणि गॅस ठेवायला ओटा, कारण चूल-गॅस सगळं जमिनीवर होतं. मागच्या महिन्यात गेले तेव्हा पायाला अर्ध्या किलो मिठाची पिशवी बांधून पाय वर-खाली करत होत्या. नातू आकडे मोजत होता. "ताई, मीठ भाएरनंच बांधलंय, आत न्हाय टोचलं," म्हणाल्या. दुखणं? "थोडं हाय, थोडं न्हाय." जून उजाडला की तीन महिने भरतील, मग पुन्हा डॉक्टर. सुई घ्यायची ठरली तर एकीचेच पैसे गट देणार, असं वहीत लिहून ठेवलंय. दरम्यान गटातल्या दोघींनी कुणाला न सांगता त्या शिबिरात सुया घेऊन टाकल्याचं कळलं. एक म्हणते, झकास. दुसरी काही बोलत नाही, बैठकीला दारातच उभी राहते.

वन्संची मिरजेची तारीख गौरी-गणपतीनंतरची मिळाली आहे. रोज रात्री त्यांचा फोन असतो. आधी पाय किती वेळा उचलला ते सांगतात, मग रडतात, मग विचारतात, "वहिनी, तुम्ही येणार ना त्या दिवशी?"